सत्तर लिटरचे कोडे : मूत्र कसे तयार होते हे कसे समजले?

मूत्रपिंडाचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर नेहमीची आकृती काढतो. केशवाहिन्यांचा एक गुच्छ, त्याला वेढणारे पेल्यासारखे संपुट, त्यातून निघालेली वेडीवाकडी नलिका. मग सांगतो, की रक्तातले पाणी, मीठ, साखर, युरिया असे सगळे गुच्छातून गाळून नलिकेत येते. नलिकेतून जाताना उपयोगाचे पदार्थ आणि बहुतेक पाणी रक्तात परत शोषले जाते. उरते ते मूत्र. मुले आकृती पाठ करतात, परीक्षेत काढून दाखवतात आणि विषय संपतो.

पण एखादी विचार करणारी मुलगी मध्येच विचारते, "जे परतच घ्यायचे आहे, ते आधी बाहेर कशाला टाकायचे?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. एकोणिसाव्या शतकातले शरीरक्रियाशास्त्रातले एक मोठे नाव नेमका हाच प्रश्न विचारत होते. त्यांच्याजवळ या प्रश्नाला जोडून एक हिशेबही होता, आणि त्या हिशेबामुळे आज आपण जे खरे मानतो ते मत कित्येक दशके मागे पडले. मूत्र कसे तयार होते हे आपल्याला कसे कळले, याची ही हकिकत आहे.

वाफ की मूत्रपिंड?

मूत्र मूत्रपिंडात तयार होते, हेच मुळात एके काळी सर्वांना मान्य नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गमम गावी जन्मलेला गॅलेन हा वैद्य रोममध्ये काम करत होता. त्याच्या आधी होऊन गेलेल्या एस्क्लेपिआडीस नावाच्या वैद्याचे मत असे होते, की आपण प्यालेल्या पाण्याची शरीरात वाफ होते, ती थेट मूत्राशयात शिरते आणि तिथे तिचे पुन्हा पाणी होते. मग मूत्रपिंडांचे काम काय? या मताप्रमाणे काहीच नाही.

गॅलेनने वाद घातला, पण त्यावर तो थांबला नाही. त्याने जिवंत प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. काही वेळाने पाहिले तर मूत्राशय रिकामा होता आणि बांधलेल्या जागेच्या वर, मूत्रपिंडाच्या बाजूला, मूत्रवाहिन्या फुगून फुटायच्या बेतात आल्या होत्या. दोरे सोडल्यावर मूत्राशय भरू लागला. मग त्याने एकच मूत्रवाहिनी बांधली. ती फुगली, दुसरीतून मूत्र येत राहिले. मूत्राशय दाबूनही मूत्र उलटे वर जात नाही, हेही त्याने दाखवले.

प्रयोग कसा रचावा याचा हा उत्तम नमुना आहे. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होते ते पाहायचे. मूत्र मूत्रपिंडातून येते हे या प्रयोगाने ठरले. पण मूत्रपिंड ते कसे बनवते, या प्रश्नावर गॅलेनकडे फक्त शब्द होते. मूत्रपिंडात रक्तातला पातळ भाग खेचून घेण्याची एक 'आकर्षक शक्ती' आहे, असे तो म्हणाला. शक्तीला नाव दिल्याने ती समजली असे होत नाही. तरीही पुढची चौदाशे वर्षे या प्रश्नात फारशी भर पडली नाही.

मांसाचा गोळा नव्हे, नळ्यांची जुडी

१६६२ साली इटलीत लोरेन्झो बेलिनी या तरुणाने मूत्रपिंडावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या वेळी तो १९ वर्षांचा होता. मूत्रपिंड म्हणजे घट्ट मांसाचा गोळा, ही त्या वेळची समजूत. बेलिनीने मूत्रपिंड उभे चिरून पाहिले तेव्हा त्याला आतल्या भागात असंख्य बारीक धागे दिसले. ते दाबल्यावर त्यांच्या टोकांतून पाणी आले. म्हणजे ते धागे नव्हते, नळ्या होत्या. त्या पाण्याची त्याने चवही घेऊन पाहिली. ते खारट होते. रासायनिक परीक्षणाची साधने नसलेल्या काळात जीभ हे एक उपकरणच होते.

चारच वर्षांनी, १६६६ साली, मार्चेलो माल्पिघीने मूत्रपिंडाच्या रोहिणीत काळा रंग मिसळलेला द्रव सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बाहेरच्या भागात, रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्यांना लटकलेले काळे गोल ठिपके त्याला दिसले, जणू झाडाला धरलेली फळे. हेच आजचे केशिकागुच्छ. या गोळ्यांचा बेलिनीच्या नळ्यांशी काहीतरी संबंध असणार असे त्याला वाटत होते, पण तो दाखवणे त्याला जमले नाही. फांदी सापडली होती, नळी सापडली होती, मधला सांधा सापडत नव्हता. तो सापडायला आणखी पावणेदोनशे वर्षे जायची होती.

१८४२ : एक वर्ष, दोन तरुण, दोन मते

१८४२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये काम करणाऱ्या विल्यम बोमनने हा सांधा दाखवला. त्याने रोहिणीतून पोटॅशियम डायक्रोमेट आणि लेड ॲसिटेट यांचे द्राव एकापाठोपाठ सोडले. दोन्ही एकत्र आले की पिवळा साका तयार होतो. तो रक्तवाहिन्यांत भरत गेला, काही गुच्छ फुटले आणि पिवळा रंग थेट नलिकेत उतरलेला दिसला. गुच्छाभोवतीचे आवरण म्हणजे नलिकेचेच फुगलेले, बंद टोक आहे, हे त्याने सिद्ध केले. आपण ज्याला 'बोमनचे संपुट' म्हणतो ते हेच.

रचना कळल्यावर बोमनने कार्याचाही अंदाज बांधला. नलिकेच्या भिंतीतल्या पेशी ग्रंथींच्या पेशींसारख्या दिसतात, तेव्हा युरियासारखे पदार्थ त्या पेशीच रक्तातून घेऊन नलिकेत सोडत असणार. मग गुच्छाचे काम काय? फक्त पाणी सोडायचे, म्हणजे ते पाणी नलिकेतून वाहत जाताना हे पदार्थ धुऊन नेईल. मोरीत कचरा पडलेला आहे आणि वरून तांब्याने पाणी ओतले, असे ते चित्र होते.

त्याच वर्षी जर्मनीतल्या मारबुर्ग इथे कार्ल लुडविगने आपल्या प्रबंधात अगदी वेगळे मत मांडले. गंमत अशी की बोमन आणि लुडविग दोघांचाही जन्म १८१६चा. दोघेही त्या वेळी पंचविशीत होते. लुडविग म्हणाला, की सजीवांमध्ये कुठली तरी खास 'जीवनशक्ती' काम करते असे मानायची गरज नाही. भौतिकशास्त्राचे नियम पुरेसे आहेत. हृदय रक्ताला दाब देते. त्या दाबाने गुच्छाच्या पातळ भिंतीतून प्रथिने सोडून रक्तातले बाकी सारे विरघळलेले पदार्थ पाण्यासह बाहेर पडतात. प्रथिने मागे राहिल्यामुळे रक्त दाट होते. हे दाट रक्त पुढे नलिकेभोवतीच्या केशवाहिन्यांतून जाते तेव्हा परासरणाने नलिकेतले पाणी परत ओढून घेते. त्यामुळे नलिकेतला द्रव तीव्र होत जातो, तेच मूत्र.

गाळणे आणि परत शोषणे. आपल्या पाठ्यपुस्तकातला मुख्य विचार इथे पहिल्यांदा येतो. पण लुडविगकडे प्रत्यक्ष पुरावा नव्हता. गुच्छातून बाहेर आलेला द्रव कोणीच पाहिलेला नव्हता.

सत्तर लिटरचा आक्षेप

ब्रेस्लाऊ, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेले व्रोत्स्वाफ, इथल्या रुडॉल्फ हायडेनहाइनने १८७४ साली एक सुंदर प्रयोग केला. प्राण्याचा मेरुरज्जू मानेजवळ कापला की रक्तदाब इतका उतरतो की मूत्र बनणे थांबते. अशा प्राण्याच्या शिरेत त्याने निळा रंग (इंडिगो कार्मिन) सोडला आणि मग मूत्रपिंडाचे काप तपासले. निळा रंग नलिकेच्या पेशींमध्ये होता. संपुटात मात्र तो अजिबात नव्हता. म्हणजे रंग गुच्छातून गाळून आलेला नव्हता, तो नलिकेच्या पेशींनी रक्तातून उचललेला होता. बोमनचे म्हणणे खरे ठरत होते.

त्यानंतर १८८३ साली त्याने तो हिशेब मांडला. आपणही तो करून पाहू. माणूस दिवसाला सुमारे ३५ ग्रॅम युरिया मूत्रातून टाकतो. रक्तात युरियाचे प्रमाण सुमारे ०.०५ टक्के, म्हणजे एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम. गाळून आलेल्या द्रवात युरियाचे प्रमाण रक्ताइतकेच असणार. मग ३५ ग्रॅम युरिया बाहेर यायला किती द्रव गाळला गेला पाहिजे? ३५ भागिले अर्धा, म्हणजे ७० लिटर. मूत्र तर दोन लिटरच्या आसपास. म्हणजे उरलेले ६८ लिटर रोज परत शोषून घ्यायचे!

माणसाच्या अंगात सारे मिळून पाच लिटर रक्त. आणि मूठभर आकाराची दोन मूत्रपिंडे दिवसाला ७० लिटर बाहेर टाकून ६८ लिटर परत घेतात? निसर्ग असा अव्यापारेषु व्यापार कशाला करील? हायडेनहाइनला हे अशक्य वाटले. वाचणाऱ्या बहुतेकांनाही तसेच वाटले. लुडविगचे मत मागे पडले.

इथे जरा थांबून या युक्तिवादाकडे नीट पाहायला हवे. गणितात चूक नव्हती. प्रयोगही खरा होता. चूक होती ती 'इतकी मोठी संख्या असूच शकत नाही' या शेवटच्या पायरीत. ती पायरी मोजून आलेली नव्हती, ती फक्त वाटण्यातून आली होती. एखादी गोष्ट आपल्याला अजब वाटते आणि ती घडत नाही, या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे.

लुडविगच्या बाजूने काही पुरावे हळूहळू जमत होते. १८९९ साली लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगने रक्तातल्या प्रथिनांचा परासरण दाब मोजला. तो पाऱ्याच्या २५ ते ३० मिलिमीटर इतका निघाला. रक्तदाब उतरत उतरत सुमारे ४० मिलिमीटरपर्यंत आला की मूत्र बनणे थांबते, हे माहीत होते. दाबाने गाळण होत असेल तर प्रथिनांची ओढ ओलांडण्याइतका दाब हवा, तो संपला की काम थांबणार. हिशेब जुळत होता. १९१७ साली आर्थर कुश्नीने मूत्रनिर्मितीवरच्या आपल्या पुस्तकात सगळे पुरावे एकत्र मांडून गाळणे-पुनःशोषणाची बाजू घेतली. तरीही मूळ अडचण तशीच होती. गुच्छातून बाहेर येतो तो द्रव कोणी पाहिला आहे?

बेडकाच्या मूत्रपिंडातला थेंब

तो द्रव हाती लागला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत बेडकाचे जिवंत मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत बसवली होती. बेडकाचे मूत्रपिंड पातळ असते, त्यामुळे गुच्छातून धावणारे रक्त प्रत्यक्ष दिसते. १९२१ साली तिथे आलेल्या जोसेफ वेर्न या तरुण डॉक्टराने काच तापवून, ओढून केसाहून बारीक टोकाची नळी तयार केली, ती बोमनच्या संपुटात टोचली आणि आतला द्रव ओढून घेतला. संपुट जेमतेम एक दशांश मिलिमीटरचे. द्रव मिळाला तो थेंबाच्याही लहानशा अंशाइतका. एवढ्याशा द्रवाचे रासायनिक परीक्षण करण्याच्या पद्धतीही त्यांनाच तयार कराव्या लागल्या.

१९२४ साली वेर्न आणि रिचर्ड्स यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. संपुटातल्या द्रवात प्रथिने नव्हती, पण साखर आणि क्लोराइड होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या मूत्रात मात्र साखर नव्हती आणि क्लोराइड अगदी कमी किंवा नव्हतेच. म्हणजे साखर गुच्छातून बाहेर आली आणि वाटेत नाहीशी झाली. ती रक्तात परत गेल्याशिवाय हे होऊ शकत नाही. ८२ वर्षांपूर्वी लुडविगने कल्पिलेले चित्र आता नळीच्या टोकावर होते. १९४१ साली वॉकर, बॉट, ऑलिव्हर आणि मॅकडॉवेल यांनी उंदीर आणि गिनिपिग यांच्या मूत्रपिंडांतही असेच द्रव मिळवले, तेव्हा सस्तन प्राण्यांबद्दलची शंकाही मिटली.

मग हायडेनहाइनचा निळा रंग?

लुडविग बरोबर निघाला म्हणून हायडेनहाइनचा प्रयोग खोटा ठरत नाही. निळा रंग नलिकेच्या पेशींत होताच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले एली मार्शल यांनी १९२३ साली फिनॉल रेड हा रंग कुत्र्यांना देऊन मोजमाप केले. जितका रंग केवळ गाळून येऊ शकेल त्याहून कितीतरी जास्त रंग मूत्रात येत होता. उरलेला नलिकेच्या पेशींनीच सोडला असला पाहिजे. तरी शंका घेणारे होते. तेव्हा मार्शल समुद्रातल्या काही विचित्र माशांकडे वळले. या माशांच्या मूत्रपिंडात केशिकागुच्छ नसतातच, नुसत्या नलिका असतात. तरीही ते मूत्र बनवतात आणि फिनॉल रेडही मूत्रातून टाकतात. जिथे गाळणीच नाही तिथे गाळण्याचा प्रश्नच येत नाही. स्रवण सिद्ध झाले.

म्हणजे शंभर वर्षे भांडणारे दोन्ही पक्ष काही अंशी बरोबर होते. आपण पाठ्यपुस्तकात गाळणे, पुनःशोषण आणि स्रवण अशा तीन पायऱ्या शिकवतो. त्यांतल्या पहिल्या दोन लुडविगच्या पक्षाकडून आल्या, तिसरी बोमन-हायडेनहाइनच्या पक्षाकडून. तिसरी पायरी गौण नाही. पेनिसिलिन शरीरातून इतक्या लवकर बाहेर पडते ते नलिकेच्या पेशी ते झपाट्याने मूत्रात सोडतात म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पेनिसिलिन दुर्मीळ असताना, रुग्णाच्या मूत्रातून ते परत मिळवावे लागले होते.

सत्तर नव्हे, एकशेऐंशी

आता त्या ७० लिटरकडे येऊ. दिवसाला नेमके किती गाळले जाते हे मोजायचे कसे? त्यासाठी असा पदार्थ हवा, जो गुच्छातून सहज गाळला जातो, पण नलिकेत परत शोषला जात नाही आणि तिथे सोडलाही जात नाही. असा पदार्थ मूत्रात जितका सापडेल तितकाच गाळला गेला असणार. मग हायडेनहाइनचाच भागाकार करायचा. युरिया यासाठी चालत नाही, कारण गाळलेल्या युरियापैकी बराचसा पाण्याबरोबर रक्तात परत जातो. हायडेनहाइनने हे धरलेले नव्हते.

कोपनहेगनमधल्या पॉल ब्रांट रेबेर्ग यांनी १९२६ साली क्रिएटिनीन हा पदार्थ निवडला, तो स्वतःच घेतला आणि स्वतःचे रक्त व मूत्र तपासले. आकडा मिनिटाला शंभर मिलिलिटरच्या वर गेला. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथ व त्यांचे सहकारी आणि इकडे रिचर्ड्स यांचा गट, या दोघांनी इन्युलिन वापरले. डेलियाच्या कंदात मिळणारी ही पिष्टासारखी शर्करा. तिच्यात वर सांगितलेले सगळे गुण होते.

उत्तर आले : तरुण निरोगी माणसात मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर. दिवसाचे १८० लिटर! हायडेनहाइनने अशक्य म्हणून फेटाळलेल्या संख्येच्या अडीचपट. आपल्या शरीरात रक्तद्रव सुमारे तीन लिटर असतो. म्हणजे सगळा रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. त्याबरोबर एक किलोहून अधिक मीठ आणि सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज नलिकांत उतरते. मीठ जवळजवळ सगळे आणि ग्लुकोज सगळे परत घेतले जाते.

इथे शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. 'मूत्रपिंडे रोज १८० लिटर रक्त गाळतात' असे वाक्य पुष्कळदा कानावर येते. मूत्रपिंडांतून वाहणारे रक्त मिनिटाला एक लिटरहून जास्त, म्हणजे दिवसाला दीड हजार लिटरच्या पुढे असते. १८० लिटर हा त्यातून गाळून बाहेर आलेल्या द्रवाचा आकडा आहे.

लुडविगचेही एक म्हणणे पुढे बदलावे लागले. परत शोषण्याचे सगळे काम नुसत्या परासरणाने होत नाही. मीठ आणि ग्लुकोज परत घेण्यासाठी नलिकेच्या पेशी ऊर्जा खर्च करतात. म्हणूनच एवढ्याशा अवयवाला इतका ऑक्सिजन लागतो.

पाणी किती ठेवायचे हे कोण ठरवते?

१८० लिटरपैकी ९९ टक्के पाणी परत घेतले तर मूत्र १.८ लिटर होते. ९८ टक्के घेतले तर ३.६ लिटर. एका टक्क्याच्या फरकाने मूत्र दुप्पट होते! तेव्हा हा शेवटचा टक्का कोणीतरी काटेकोर सांभाळला पाहिजे.

गाळलेल्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश नलिकेच्या पहिल्याच भागात, मिठाच्या मागोमाग परत जाते. तिथे फारशी निवड नसते. निवड होते ती शेवटच्या भागात. डायबेटिस इन्सिपिडस नावाच्या विकारात रोग्याला पाण्यासारखे मूत्र दिवसाला दहा-पंधरा लिटरपर्यंत होते. त्यात साखर नसते. १९१३ साली जर्मनीत फॉन डेन व्हेल्डेन आणि इटलीत फारिनी यांना स्वतंत्रपणे आढळले, की पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला की हे मूत्र कमी होते. केंब्रिजच्या अर्नेस्ट व्हर्नी यांनी १९४७ साली आपले प्रयोग मांडले. कुत्र्याच्या मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत थोडे तीव्र मिठाचे पाणी सोडले की मूत्र कमी होत असे. म्हणजे रक्त किंचित खारट झाले तर ते ओळखणारी जागा मेंदूत आहे, आणि तिच्या सांगण्यावरून पिट्युटरी एक संप्रेरक सोडते. हे संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन. त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख व्हिन्सेंट द्यू व्हिग्नो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उन्हात फिरून घामाघूम झालो की पाणी घटते, रक्त जरा तीव्र होते, मेंदूला ते कळते, तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन वाढते; मूत्र कमी व गडद होते. तांब्याभर पाणी प्यालो की उलट होते.

पण मूत्र रक्तापेक्षा तीव्र होतेच कसे? माणसाचे मूत्र रक्ताच्या चौपट तीव्र होऊ शकते. परासरणाने पाणी बाहेर ओढायचे तर नलिकेबाहेर तितकेच खारट काहीतरी हवे. १८६२ साली याकोब हेन्ले यांनी नलिकेचा मूत्रपिंडाच्या आत खोलवर जाऊन परत वर येणारा केसपिनेसारखा पाश वर्णन केला होता. तो कशासाठी, हे ऐंशी वर्षे कोणाला सांगता आले नाही. उत्तराची दिशा दाखवली ती एका भौतिक-रसायनशास्त्रज्ञाने. स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे वेर्नर कुन यांनी १९४२ साली दाखवले, की दोन नळ्या शेजारी शेजारी असतील, त्यांतून द्रव विरुद्ध दिशांनी वाहत असेल आणि एकीतून दुसरीकडे प्रत्येक पातळीवर थोडेसेच मीठ सरकवले, तरी तो थोडा फरक खाली खाली साठत जाऊन टोकाशी फार मोठा होतो.

१९५१ साली त्याच शहरातल्या हाइनरिख विर्त्स यांनी बार्तोलोमेउस हार्गिताय आणि कुन यांच्यासोबत याचा पडताळा घेतला. उंदराच्या मूत्रपिंडाचे गोठवलेले पातळ काप त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश वितळू दिले. खारट पाण्याचे बर्फ कमी तापमानाला वितळते, हे आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाहेरच्या भागाचे बर्फ रक्ताइतक्याच तापमानाला वितळले. आत आत जावे तसे ते अधिकाधिक कमी तापमानाला वितळत होते. म्हणजे मूत्रपिंडाचा आतला भाग खारट आहे, आणि शेवटची नलिका त्यातूनच खाली जाते. अनेकांना हे पटायला वेळ लागला. १९५९ साली अमेरिकेत कार्ल गॉट्सचॉक आणि मार्गारेट माइल यांनी नलिकांना बारीक नळ्या टोचून तेच दाखवले, तेव्हा वाद बराचसा संपला. वाळवंटातल्या काही उंदरांमध्ये हे पाश फार लांब असतात आणि त्यांचे मूत्र माणसाच्या मूत्राच्या कितीतरी पट तीव्र असते.

एक दुवा तरीही उरला होता. व्हॅसोप्रेसिन आले की नलिकेची भिंत पाणी सोडू लागते, ते कसे? १९९२ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या पीटर ॲग्रे यांच्या गटाने लाल रक्तपेशीत सापडलेले एक प्रथिन बेडकाच्या अंड्यात तयार करवले आणि ती अंडी पाण्यात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली, हे प्रथिन असलेली फुगून फुटली. ते प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतले पाण्याचे दार होते. त्याला ॲक्वापोरिन हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडातले त्याचे भावंड सापडले. व्हॅसोप्रेसिनचा निरोप आला की पेशी ही दारे नलिकेकडच्या भिंतीत बसवते. निरोप थांबला की काढून घेते. ॲग्रे यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मग आधी बाहेर कशाला टाकायचे?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. दिवाळीच्या आधी आपण कपाट आवरतो तेव्हा काय करतो? आत हात घालून नको असलेली एकेक वस्तू शोधत नाही. सगळे बाहेर काढतो, हवे ते जागेवर ठेवतो, उरते ते टाकून देतो. यात कष्ट जास्त आहेत, पण फायदा मोठा आहे : काय टाकायचे याची यादी लागत नाही, काय ठेवायचे याचीच यादी पुरते. अन्नातून आणि औषधांतून शरीरात कितीतरी अनोळखी पदार्थ येतात. ते प्रत्येक ओळखणारी यंत्रणा कुठून आणणार? सगळे गाळून ओळखीचे तेवढे परत घेतले, की पाण्यात विरघळणारे, प्रथिनांना चिकटून न राहिलेले अनोळखी पदार्थ आपोआप बाहेर जातात.

दुसरे उत्तर मार्शल आणि स्मिथ यांनी १९३० साली सुचवले. त्यांच्या मते गुच्छ असलेले मूत्रपिंड गोड्या पाण्यात राहणाऱ्या आदिम माशांमध्ये घडले. गोड्या पाण्यात शरीर खारट आणि बाहेर पाणी पातळ; त्यामुळे पाणी सतत आत शिरते आणि ते उपसून टाकण्यासाठी मोठी गाळणी उपयोगी पडते. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना तीच गाळणी वारशाने मिळाली आणि पाणी परत घेण्याची व्यवस्था तिला जोडली गेली. या कल्पनेवर पुढे वाद झाले. पण 'निसर्ग असे का करील' या प्रश्नाचे उत्तर शोधताना सोयीबरोबर इतिहासही पाहावा लागतो, हे त्यांनी दाखवले.

आज रक्त तपासणीच्या कागदावर 'क्रिएटिनीन' अशी एक ओळ असते. गाळण मंदावली की रक्तातले क्रिएटिनीन वाढते, एवढ्यावरून मूत्रपिंडे कशी चालली आहेत याचा अंदाज डॉक्टर बांधतात. त्या ओळीमागे हायडेनहाइनचाच भागाकार आहे. मधुमेहावरची काही नवी औषधे नलिकेतले ग्लुकोजचे पुनःशोषण अडवतात, म्हणजे साखर मूत्रावाटे जाऊ देतात. लुडविगचे मत चुकीचे असते तर ती औषधे चाललीच नसती.

वर्गात काय करता येईल

आकृती काढण्यापूर्वी मुलांना हायडेनहाइनचे आकडे द्यावेत : रोज ३५ ग्रॅम युरिया, रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम. ७० लिटर हे उत्तर त्यांचे त्यांना काढू द्यावे आणि विचारावे, "हे शक्य आहे का? नसेल तर का? असेल तर काय सापडले पाहिजे?" बहुतेक वर्ग हायडेनहाइनच्या बाजूने मत देईल. देऊ द्यावे. मग वेर्न यांच्या नळीतल्या थेंबाची गोष्ट सांगावी. संपुटात साखर आहे, मूत्रात नाही, यावरून काय निघते, हे मुलांनाच सांगू द्यावे.

त्यानंतर १८० लिटरचे गणित घालावे. ९९ टक्के परत घेतले तर किती मूत्र? ९८.५ टक्के घेतले तर? शेवटी निळ्या रंगाचा प्रयोग सांगून विचारावे, की हरलेल्या पक्षाचे काय बरोबर होते? या प्रश्नावर वर्गात जी चर्चा होईल तिच्यासाठी एक तास राखून ठेवावा. आकृती त्यानंतर फळ्यावर काढली तरी चालते, आणि ती पाठ करावी लागत नाही.